एकोणीस नंबर

एरंडवण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
खाकी पाकिटांत सव्वीस वाणं.
वर पेन्सिलीचे आकडे. शाई मिथेनॉलने पुसली जाते,
हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं,
अख्खा ट्रे वाया घालवून.

"सगळे दाणे सारखेच" असं म्हणणारा माणूस
मालन वायदंडेच्या शेजारी कधी बसलेला नसतो.
ती परातीत दाणे ओतते, बोटाने फिरवते.
"ह्याचा डोळा काळा. ह्याचा तांबूस.
आन् ह्याला डोळाच न्हाई,
निजल्यालं पोर हाय बघा, मॅडम."
मी वहीत लिहिते : नाभी, रंगहीन.

मग दळण. घरात चटणीला असतो तसलाच मिक्सर.
तेल काढून टाकायचं, अर्क गाळायचा,
सुईने यंत्रात सोडायचा
आणि बावीस मिनिटं गप्प बसायचं.
पडद्यावर रेघ सरपटत राहते
आणि मध्येच उठते :
डायडझीन. मग ग्लायसिटीन, ओशाळल्यासारखं.
मग जेनिस्टीन.
खिडकीत वेताळ टेकडी, पडद्यावर ही तीन टेकाडं.
चहा येतो तोवर मी दोन्हीकडे आळीपाळीने बघते.

अकरा नंबर शेतातला शहाणा मुलगा.
भरघोस उतारा, शेंग तडकत नाही, तांबेऱ्याला दाद देत नाही.
यंत्रात मात्र तीन पुळ्या.
एकोणीस नंबर बुटका, काळा, सगळ्यात उशिरा पिकणारा,
पाहणीला आलेल्यांनी ज्याचा फोटोही काढला नाही,
त्याचं शिखर कागदाबाहेर गेलं.
मला वाटलं, सुईच खराब.
धुतली. पुन्हा सोडला.
तिसऱ्यांदाही तेच.

सबनीस सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"छान. आता एकरी काढा."
एकराने गुणलं
तर अकरा नंबरच जिंकतो.

मी बावन्न वर्षांची आहे.
एसी अठरावर, आणि मानेवरून घामाची धार.
ह्याच तीन नावांचे लेख बहीण मला फोनवर पाठवते,
पन्नाशीतल्या बायकांसाठी, खाली गुलाबी फुलं.
मी उत्तर देत नाही. मला आकडे माहीत आहेत,
आणि आकड्यांना किती माहीत नाही, तेही.
मालन म्हणते, "मूठभर भाजून खावा की."
सॅम्पल खात नसतात, मालन.

खरं तर झाडाला आपण ठाऊकच नाही.
मातीच्या काळोखात मूळ हा अर्क सोडतं
ती एक हाक असते :
कुणी आहे का तिथे? या. घर करा माझ्यात.
आणि जिवाणू येतात,
मुळावर गुलाबी गाठी धरतात.
आपण फक्त ती हाक मध्येच पकडून
मिलिग्रॅममध्ये मोजतो.

परवा एकोणीसचे सात दाणे उरले.
नोंद केली : शिल्लक, शून्य.
तीस वर्षांतली पहिली खोटी नोंद.
कर्वेनगरच्या गॅलरीत, कुंडीत टोचले.
पाच उगवले. पानं फिकट.
विकतची माती, कोकोपीट;
तिथे हाक मारून मारून
ऐकणार कोण?

आज जिन्यात मालनला गाठलं.
ती राजगुरुनगरची एसटी धरायच्या घाईत होती.
म्हटलं, तुमच्याकडच्या सोयाबीनच्या रानातली
ओंजळभर माती आणशील उद्या? डब्यात घालून?
तिने विचारलं नाही कशाला.
"वली आणू का कोरडी?" एवढंच.