टंकनदोष

शुक्रवारी रात्री साडेदहाला तो भाग लागला.
आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
सत्य घटनेवरून प्रेरित. काही नावं बदलली आहेत.
मग गोदेच्या पायऱ्यांवर धूर. निळा.
एवढा धूर मी नाशकात
डासांच्या गाडीमागेच पाहिलाय.

टीव्हीतला मांत्रिक धिप्पाड, डोळ्यांत काजळ,
नरडं फाडून मंत्र म्हणतो
आणि दर मंत्राला वीज जाते.

हिरावाडीतल्या त्या माणसाला सगळे मामा म्हणत.
बुशशर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं,
पतसंस्थेत वसुलीला होता.
खोलीत ट्यूबलाइट होती. त्या रात्रीही चालू होती,
हे साक्षीदार क्रमांक अकराने शपथेवर सांगितलं
आणि मी टाइप केलं, चार कार्बन घालून.
शेवटची प्रत नेहमी पुसट येई.

मंत्र कोणते होते, वकिलांनी विचारलं.
आरोपी क्रमांक तीन, सुताराची सून, म्हणाली,
"मंत्र नव्हते साहेब. अडीचकीचा पाढा. उलटा."
मागे कुणीतरी खाकरलं.
न्यायाधीश म्हणाले, घ्या.
घेतलं.

टीव्हीवर बळी तीन, तिघी तरण्या, केस मोकळे.
खरे दोन होते. दोन्ही मुलं.
दोन्ही पायाळू.
एकाच्या दप्तरात पेरूची अर्धी फोड निघाली,
मुद्देमाल क्रमांक नऊ.
ती यांनी घेतली नाही.
खड्डा घेतलाय, पण विहिरीएवढा.
खरा गुडघाभरच होता.
गुप्तधनासाठी खणणारी माणसंसुद्धा कंटाळतात.

जाहिराती लागल्या.
प्रल्हादने चिवड्याचा वाडगा माझ्याकडे सरकवला
आणि पाय टीपॉयवर टाकले.
चाळिशी उलटली त्याची. टाचांना भेगा.

निशाणी अठ्ठावीस:
आरोपी क्रमांक एकच्या घरातून जप्त वही, दोनशे पानी.
रकाने पट्टीने आखलेले.
नाव. पत्ता. अडचण. घरात पायाळू कोण, वय.
अनुक्रमांक त्रेसष्ट, हस्ताक्षर माझंच:
यमुना बोरस्ते. पेठ नाका. नवरा घरी येत नाही.
मुलगा, वय सहा.

मामांनी बशीतून बिस्किटं दिली होती.
म्हणाले, आवसेला या ताई. त्यालाही आणा, न्हाऊ घालून.
मी गेले नाही.
पुण्याई नव्हे, संशय तर नव्हेच.
त्याचा एकुलता चांगला सदरा
वाळला नव्हता.

वही टंकायला माझ्याच टेबलावर आली.
दुपारचे अडीच, वर पंखा कुरकुरत होता.
त्रेसष्टाव्या नावातला त मी गाळला.
दोन कळांऐवजी एक.
बोरसे. बोरसे नाशकात ढिगाने.
खाली रोजच्यासारखं लिहिलं,
ताडून पाहिले, बरोबर आहे,
आणि सही केली.
वही लाल कापडात बांधली गेली.
पुन्हा कुणी सोडली नाही.

भागाच्या शेवटी मांत्रिक आपल्याच होमात जळतो.
खऱ्याचा निकाल एका मंगळवारी वाचला गेला.
मी रजेवर होते.

"काहीही दाखवतात," प्रल्हाद म्हणाला.
"आई, असली कोण असते जी
पोराला अशा ठिकाणी नेईल?"

नावं वर सरकत होती. प्रकाशयोजना. वेशभूषा.
मी टीव्ही बंद केला. सांगणारच होते,
तोंडही उघडलं,
आणि म्हटलं, पाठीत उसण भरलीय रे.

चटईवर पालथी पडले.
लहानपणी गल्लीतल्या बायका त्याला
एवढ्यासाठी बोलवून न्यायच्या, हातावर गूळ ठेवायच्या.
तो हसत उठला. भिंतीला हात टेकवून
उजवा पाय अलगद ठेवला.
"इथे?"
जरा वर, म्हटलं.
अजून वर.
जोर दे.