दरपत्रक

टाउनशिपच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण.
हीटर एक, तोही युजीनच्या पायाशी.
बाहेर सुपीरिअर सरोवर काठाकाठाने गोठत चाललेलं
आणि टेबलावर पुढच्या वर्षीचा प्रश्न:
माणसानं घर बांधायचं तर आधी आम्हाला किती द्यायचं?

नफा नको, असं नियम सांगतो.
जेवढा खर्च तेवढीच फी.
मी क्लार्क. मांडायला बसले.

इन्स्पेक्टर रूडी कांगसच्या एका घराला सहा फेऱ्या:
पाया, सांगाडा, वायरी, नळ, भिंतीत भरलेला कापूस,
आणि शेवटची, बिऱ्हाड हलायच्या आधीची.
जाऊन येऊन चाळीस मैल. पेट्रोल. टायर.
रूडीचा गुडघा (लिहिला, मग खोडला).
शिक्का, शाई, माझी अर्धी दुपार.

डेल म्हणाला, किमतीवर लावा, हजारामागे सात,
महाल बांधणारा महालाचे देईल.
लेम्पी म्हणाली, फेऱ्या तर सहाच ना?
संगमरवर बघायला पेट्रोल जास्त लागतं का?
यावर हीटर तेवढा बोलत राहिला.

मागच्या खुर्चीवर गावातर्फे हजर एकटा ट्रॅव्हिस हेक्किला,
टोपीवर लाकडाचा भुसा, काकाच्या जमिनीवर एक खोली बांधतोय.
उठला. म्हणाला, सहाशे चाळीस डॉलर म्हणजे माझ्या दोन खिडक्या.
कुठल्या दोन गाळू, तेवढं सांगा.

रूडी कधी बोलत नाही बैठकीत.
काल बोलला, तेही बुटांकडे बघत:
मी सातव्यांदाही जातो.
पहिला बर्फ पडला की रस्त्यावरूनच बघतो,
धुराड्यातून धूर येतोय ना.
ते धरू नका.

धरलं नाही.
तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं:
चारशे चौरस फुटांच्या आत सरसकट नव्वद,
बाकीच्यांना डेलचा दर,
आणि तूट पडेल ती सगळ्यांच्या खिशातून, थोडी थोडी.
लेम्पी विरोधात गेली. तिचंही खोटं नव्हतं.

घरी आले. फ्यूजबॉक्सच्या दाराआड
आमची पावती अजून चिकटलेली आहे:
एकाहत्तर साल, बारा डॉलर,
माझ्या नवऱ्याचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगनं.
इन्स्पेक्टरची सही काही केल्या लागत नाही.
खिडक्या मोजल्या.
नऊ.