काच निवळेपर्यंत

एव्हरिस्टोने मनामातला स्टुडिओ बंद केला
तेव्हा पासपोर्ट फोटोंचा निळा पडदा कुणी नेला, ठाऊक नाही.
माझ्या वाट्याला ही लेन्स आली.
जपानी, माझ्याहून सात वर्षांनी मोठी,
चहात बुडवून काढल्यासारखी पिवळी.
"काचेत थोरियम आहे," तो म्हणाला, "घाबरू नकोस."
मी कशाला घाबरते? माझी रोजीरोटीच एक्स-रेची.
तरी घरी गेल्यावर छातीवरचा बिल्ला काढून
रोज रात्री तिच्याशेजारी ठेवत गेले,
आणि महिन्याचा अहवाल आला तेव्हा
साहेबांनी चष्म्यावरून विचारलं,
बाई, तुम्ही नक्की कुठे झोपता?

खिडकीत ठेव, असंही एव्हरिस्टो म्हणालेला,
इथलं ऊन तीन आठवड्यांत पिवळेपणा पिऊन टाकतं.
मी दहाव्या दिवशीच उचलली.
थोडा चहा राहू दिला.

ऑगस्टात मुहर्रकला फोटो काढायचा
म्हणजे आधी थांबायचं.
गाडीच्या थंडीतून बाहेर काढली की काच आंधळी होते.
पुसा, पुन्हा घाम. पुसा, पुन्हा.
तिला हवेइतकं गरम होऊ द्यावं लागतं,
मग आपणहून बघायला लागते.

यासीन बुरोंडकरांच्या दुकानातला एसी
जूनपासून नुसता खोकतोय.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पांढरे थोब शिवणारा माणूस
आज स्वतःच्या चौकड्याच्या शर्टाला इस्त्री करून बसला होता.
केसांना तेल.
"फोनसारखा नको काढू, पोरी.
फोनमध्ये आधी नाक पोचतं, मग मी.
हर्णैला नातू माझ्या नाकालाच आजोबा म्हणतो."

काच धुक्यात. चाचा खुर्चीत ताठ,
हात गुडघ्यांवर, जसे कुणाचे तरी ठेवायला दिलेले.
किती वेळ, म्हणाले. दहा मिनिटं, म्हटलं.
चौथ्या मिनिटाला खांदे उतरले.
सहाव्याला सिल्हेटचा एक पोरगा आला,
हातात मोठ्या भावाची पँट,
उद्या मुलाखत आहे म्हणाला, हॉटेलात.
चाचा उठले, मला विसरले,
ओठांत टाचण्यांची रांग धरून खाली बसले
आणि त्याच्या घोट्याकडे असं पाहू लागले
की जणू तिथे बारीक अक्षरात काही लिहिलंय.

एका खटक्याला दीडशे फिल्स पडतात.
मी हिशेब करून खटका दाबते एरवी.
दवाखान्यात दिवसभर लोकांना सांगते,
श्वास धरा, हलू नका.
इथे कुणाला काही सांगितलं नाही,
माझाच धरला.
काच अजून पुरती निवळली नव्हती.

मग खुर्चीतले चार काढले. चांगले आले. नाक मापात.

रात्री न्हाणीघराचा दिवा काढून ठेवला,
दाराच्या फटीत टॉवेल कोंबला.
थंड नळालाही इथे चहाचं पाणी येतं,
तेव्हा फ्रीजमधला सगळा बर्फ टाकीभोवती,
खालच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाचाही.
त्यांना वाटलं कुणाला ताप आहे.
आमच्याकडे दवाखान्यात फिल्म कधीच बंद झाली,
पण उलटं वाचायची सवय जात नाही:
दोरीवर ओली पट्टी, तिच्यात काळा चेहरा,
त्याहून काळ्या पाच टाचण्या,
आणि भोवती ते धुकं,
मी घातलेलं नाही, मी पुसलेलं नाही.

शुक्रवारी प्रती घेऊन गेले.
चाचांनी खुर्चीतला बायकोसाठी बाजूला ठेवला,
लगेच, न बघता.
दुसरा उजेडात नेला. मागे केला. पुन्हा पुढे.
शिवणयंत्रावर ठेवून बोटाने कडा सरळ केली,
कापडाची करतात तशी.
"त्या पोराला लागली का नोकरी?" मी विचारलं.
"पँट न्यायला आला नाही अजून."

मग खिशातलं पेन माझ्यापुढे केलं.
"हा नातवाला. मागे लिही. माझं अक्षर त्याला लागत नाही.
लिही,
तोंडात टाचण्या होत्या.
रागावलो नव्हतो."