सदतिसावी चौकट

रिळाच्या डबीवर लिहिलेलं असायचं: छत्तीस.
पण अंधारात, जपून, बोटांच्या टोकांनी
शेपूट आखूड गुंडाळलं
तर सदतिसावी निघायची.
कधी अडतिसावीसुद्धा, अर्धी जळालेली.

छत्तीस सरकारच्या.
ग्युम्रीला तेव्हा दुसरं नाव होतं
आणि मला दुसरे गुडघे.
मागे पांढरी चादर, पुढे स्टूल.
कान दिसले पाहिजेत. हसायचं नाही.
हनुवटी किंचित खाली, श्वास धरा, झालं. पुढचा.
मकर्तिच मास्तर म्हणायचे,
"हे फोटो कसले, सातेनिक,
ही शिरगणती."

सदतिसावी माझी.
तिच्यात काय काढलं म्हणाल
तर सांगायला संकोच वाटतो:
धुतलेली लोकर, कठड्यावर वाळत घातलेली,
आणि तिला काठीनं झोडपणाऱ्या ह्रानुशकाकूचा
नुसता दंड.
काळ्या दगडी पायरीवर सांडलेलं दही.
धार लावणाऱ्याचा कुत्रा, जांभई अर्ध्यावर.
एकदा तर फक्त धुकं.
मास्तरांनी ते उजेडात धरलं,
उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.
"यात आहे काय?"
"काही नाही," म्हटलं, "म्हणून तर."
ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी
नवं रीळ माझ्यापुढे सरकवताना पुटपुटले,
"शेपूट आखूड ठेव."

तेवीस वर्षं मी असंच धरून चालले
की रोज छत्तीस वेळा मी नोकर
आणि एकदा मोकळी.

मग तो डिसेंबर.
त्याबद्दल मी बोलत नाही.

जानेवारीत माणसं दारात उभी राहू लागली.
दुकानाला दार उरलं नव्हतं,
तरी दार असायचं तिथेच थांबायची,
टोपी हातात घेऊन विचारायची,
"निगेटिव्ह असेल का? कुठल्याही सालची चालेल."
धुकं कुणी मागितलं नाही.
ज्याला त्याला सरकारच्या छत्तिसांतली एक हवी होती,
कान दिसणारी.

भट्टीवाला वराझ्दात आला.
बायकोचा पासपोर्टचा फोटो, एकाहत्तर सालचा.
बर्फ वितळवून बादली भरली,
लाल काचेचा कंदील लावला,
आणि शुशानिक पाण्यातून सावकाश वर आली:
आधी केस, मग कान, हनुवटी,
आणि ओठांचा डावा कोपरा,
जिथे तिनं हसू दाबून धरलं होतं.
मीच तर म्हटलं होतं, हसायचं नाही.
सतरा वर्षं ते तिथं तसंच होतं,
दाताखाली धरल्यासारखं,
आणि मला दिसलं नव्हतं,
कारण तोवर मी "पुढचा" म्हणून मोकळी झाले होते.

वराझ्दातनं फोटो ओलाच शर्टाच्या आत घातला.
पैसे विचारले. मी नको म्हटलं.
दुसऱ्या दिवशी तो दोन पाव ठेवून गेला.

म्हणजे मी चुकीच्या चौकटीत शोधत होते का?
तसंही नाही.
ते धुकं अजून माझ्या उशाशी आहे,
आणि अजूनही त्यात काही नाही,
अजूनही ते मला आवडतं.
पण शुशानिकला काढताना
माझ्या हातात जे आलं, ते माझं नव्हतं, सरकारचंही नव्हतं.
त्याचा आकडा कुठल्याच डबीवर नसतो.

आता ताथेव येते, माझ्या भाचीची नात.
तिच्या फोनमध्ये अकरा हजार फोटो.
"मला कुणी अडवतच नाही," ती कुरकुरते,
"मग मोकळं कशातून व्हायचं?"
मला याचं उत्तर येत नाही.
मी चादर झटकते, खिळ्याला अडकवते,
तिला स्टुलावर बसवते.
कान दिसू देत. हनुवटी खाली.
हसायचं नाही.

ती मनापासून प्रयत्न करते आहे.
माझं बोट बटणावर आहे.
"पुढचा" म्हणायला
बाहेर कुणी रांगेत उभं नाही.