अजून बघताय का?

भाचीनं टीव्हीच्या मागं
काडेपेटीएवढं काहीतरी खुपसलं.
बसलिंगमामा चष्मा कपाळावर ढकलून :
"ह्याच्यात कॅसेट कुठून घालायची?"

हवेतून येतं सगळं, मामा.

"उदगीरच्या हवेतून काय येतं, ठावं हाय मला.
डाळमिलची फोलपटं."

मामींच्या पाटल्या मोडून घेतलेला व्हीसीआर
मामा भाड्यानं द्यायचे. वहीत सही.
टेप उलटी गुंडाळून आणली नाही
तर दोन रुपये दंड.
सतरा जणांची बाकी अजून आहे,
त्यातले नऊ वारले.

दोन तास गप्प पाहिलं.
मग पडदाच थांबून विचारू लागला :
अजून बघताय का?

मामा ताठ बसले.
"गिऱ्हाइकाला असं कधी इचारलं न्हाई म्या."

रात्री काडी उपटून कपाटात ठेवली.
सकाळी भाचीपुढं वही सरकवली :
सही कर.