तीनशे ऐंशीचा

तापकीर गल्लीत चोरडियांनी
काउंटरवर दोन फिल्टर ठेवले.
एक कंपनीचा, खोक्यावर हसणारं गोरं बाळ,
दोन हजार चारशे.
दुसरा पुठ्ठ्याच्या चौकटीत घड्या घातलेला कागद,
नाव ना गाव,
तीनशे ऐंशी.

"हा वर्षभर जातो, असं खोक्यावर लिहिलंय," चोरडिया म्हणाले.
"हा दोन महिन्यांनी फेकायचा."
मी मनातल्या मनात गुणाकार केला.
सहा वेळा तीनशे ऐंशी, बावीसशे ऐंशी.
म्हणजे वर्षाकाठी वाचणार एकशे वीस.
एवढ्यासाठी मोशीहून दोन बस बदलून आले मी?

पण खोक्यावरचं ते बाळ
आमच्या मोशीत राहत नाही.
आमच्या गॅलरीसमोर काँक्रीटचा प्लांट आहे.
रात्री अकराला मिक्सर गरगरतात,
सकाळी फ्रीजच्या डोक्यावर
बोटाने नाव लिहिता येतं.
मागच्या वेळी कंपनीचाच घेतला होता.
चौथ्या महिन्यात तव्यासारखा झाला,
तरी आठ महिने तसाच ठेवला,
कारण चोवीसशे मोजले होते.

"याने अडतं का काही?" मी विचारलं.
चोरडियांनी देवापुढची उदबत्ती उचलली,
फिल्टरच्या एका अंगाला धरली.
बराच धूर अडला.
थोडा आलाच पलीकडे.
"वहिनी, याहून बारीक जाळीचेही आहेत.
पण जाळी फार सोवळी असली
की मशीनला धाप लागते."

धाप म्हटल्यावर मी गप्प झाले.

रंगनाथ भोसरीला भट्टीवर होता, एकतीस वर्षं.
तिथेही धूळ गाळायच्या पिशव्या होत्या,
पुरुषभर उंचीच्या, बाहेरून मागवलेल्या,
इतक्या महाग, की कुणी बदलत नसे.
फाटल्या की हाच शिवायचा.
दाभण घरी आणायचा धार लावायला,
आणि माझ्याकडून गोधडीचा टाका शिकून गेला होता.
साहेबांनी पाठीवर थाप मारली,
दिवाळीला एक स्टीलचा डबा जास्त दिला.
तो डबा अजून आहे. त्यात मी रवा ठेवते.

"तीनशे ऐंशीचे तीन द्या," मी म्हटलं.
चोरडिया म्हणाले, "तीनचे अकराशे."
चाळीस रुपये सुटले, त्यात बसभाडं निघालं.

घरी रंगनाथने स्वतः बसवला.
हवेच्या बाणाची दिशा दोनदा पाहिली,
चौकटीवर मार्करने तारीख टाकली,
कारखान्यात टाकायचा तशी, तिरकी.
जुना काढला तो खाली ठेवेना.
तळहातावर घेऊन वजन करत बसला,
किलोचं माप हातात असल्यासारखं.
"चार महिन्यांत तव्यासारखा झाला होता ना हा?"
"हो."
"आणि आपण बारा ठेवला."
"हो."
मग बराच वेळ खोकला. की हसला,
मला नीट कळलं नाही.

सकाळी लोचना आली, दोन बादल्या घेऊन.
"काकू, हा ओला की सुका?"
"सुकाच असेल," मी म्हटलं.
तिने ओढणी नाकावर ओढली,
फिल्टर गुडघ्यावर मोडला,
राखाडी भुकटीचा एक ढग उठला
आणि तिच्या भुवयांवर बसला.
तिचा फिल्टर तोच, जांभळ्या ठिपक्यांचा.
रोज संध्याकाळी धुवायचा,
रोज सकाळी नवा.

पुढच्या वेळी पिशवीत बांधून देईन, असं म्हणाले.
"द्या," ती म्हणाली, आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

तीनातले दोन अजून कपाटावर आहेत.
खर्चाच्या वहीत बाकी काढली होती, ऐंशी रुपये.
त्या आकड्यापुढे पेन टेकवून बसले आहे.