गोठ्याची पाठ समुद्राकडे

पश्चिमेची भिंत पाडून
मी तिथं अख्खी काच काढली होती.
हेल्यूनं कागद फिरवला, चष्मा कपाळावर ढकलला.
म्हणाली, वारा तिकडूनच येतो, पोरी.
गोठ्याला विचार.

मग आम्ही गोठ्याला विचारायला गेलो.

सारेमा बेटाच्या या टोकाला
मार्चातही बर्फ पडून असतो, मळक्या पोत्यासारखा.
चुनखडीची हातभर जाड भिंत, पाठ समुद्राकडे,
त्या अंगाला एक भोकही नाही.
दार दक्षिणेला. आणि उरलेलं छप्पर इतकं खाली ओढलेलं
की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही.
"नवरा तीस वर्षं डोकं आपटत आला," ती म्हणाली,
"तरी उंची वाढवली नाही. ऊब वर पळते."

माझ्या वहीत आकडे होते:
लोकरीच्या थराची जाडी, सौरपट्ट्यांचा कोन.
तिच्याकडे अकरा गाई होत्या, नावानिशी.
मुस्तिक दाराशी, लेहिक भिंतीला,
कुणाच्या अंगाची धग कुठवर पोचायची
ते तिला अजून ठाऊक होतं.
रबरी बुटानं तिनं एक कोपरा दाखवला:
पलंग इथं.

चूल मधोमध.
खिडकी एकच मोठी, तीही
बटाटे सोलायला बसल्यावर डोळे येतात त्या उंचीवर.
उभ्यानं काय बघायचंय आता, म्हणाली.
वरच्या झरोक्याला मात्र काच लावायची नाही,
पाकोळ्या मेमध्ये परत येतात
आणि त्यांना कुणी कळवायचं?

छपराचा बोरू टाइवो कापतो,
खाडी गोठली की बर्फावर उभा राहून.
यंदा खाडी नीट गोठलीच नाही.
म्हणजे निम्मं छप्पर बोरूचं,
निम्मं पत्र्याचं, पुढच्या थंडीच्या भरवशावर.
नकाशात हे कसं दाखवायचं
मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
मी तुटक रेघ मारली.

शेवटी राहिली भिंतीतली लोखंडी कडी,
दाव्यानं घासून घासून आतून चकचकीत झालेली.
मी बाण काढून लिहिलं: कोट टांगायला.
तिनं पेन्सिल घेतली, ते खोडलं.
मग काय लिहू?

ती कडीत बोट घालून उभी राहिली,
जरा ओढून पाहिली, पक्की होती.

लिही, म्हणाली, कडी.